दिवाडीची शेतं भरतीच्या पातळीखाली, मग ती बुडत कशी नाहीत?

गोव्याच्या मराठी वर्तमानपत्रांत दर वर्षी एक ठरावीक बातमी येते. अमुक गावी मानशीचा दरवाजा मोडला, बांधाला भगदाड पडलं, खाजनात खारं पाणी शिरलं, शेतकरी हवालदिल. गोव्याबाहेरचा वाचक ती वाचून पुढे सरकतो. त्यातले निम्मे शब्द त्याला परके असतात, आणि गोवा म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे कळंगुट-बागा येतात, भातशेती येत नाही. जो थांबून वाचतो त्याला प्रश्न पडतो, की शेतात समुद्राचं पाणी शिरतंच कसं? आणि शिरण्याइतकी ती जमीन खाली असेल, तर तिथे शेती करायची बुद्धी कुणाला झाली?

दिवाडी बेटावर या प्रश्नांची उत्तरं डोळ्यांनी बघता येतात. गोव्यात असली शेती इतरही अनेक गावांत आहे, पण दिवाडी आटोपशीर आहे. टेकडीवर उभं राहिलं की सगळी व्यवस्था एका नजरेत येते.

बेट आहे कुठे?

जुने गोवे इथली चर्चं बघायला सगळेच जातात. तिथल्या व्हाइसरॉयच्या कमानीतून सरळ खाली उतरलं की मांडवीचा धक्का लागतो आणि समोर दिवाडी दिसते. फेरीबोटीने काही मिनिटांत पलीकडे, पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. रायबंदरहून आणि उत्तरेला डिचोली तालुक्यातल्या नार्वेहूनही फेरी आहे. बेटाच्या पश्चिमेला चोडण, पूर्वेला जुवे. अशी ही बेटं मांडवीच्या मुखाकडच्या भागात एकमेकांना खेटून बसली आहेत. दिवाडीला पूल नाही.

नकाशावर हे नदीतलं बेट आहे, पण इथलं पाणी समुद्राच्या हुकमाने चालतं. भरती मांडवीतून कित्येक किलोमीटर आत जाते. दिवसातून दोनदा पाणी चढतं, दोनदा उतरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला, म्हणजे उधाणाला, चढ-उतारातला फरक साधारण दोन मीटरपर्यंत जातो. अष्टमीच्या आसपास तो बराच कमी होतो. कोकणात त्याला भांग म्हणतात. हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

बेटाची ठेवण सोपी आहे. मधोमध जांभ्याची टेकडी, तिच्यावर पिएदादचं चर्च, उतारावर आणि पायथ्याला घरं, विहिरी, माड. त्याभोवती सपाट हिरवा पट्टा, आणि त्या पट्ट्याच्या कडेने मातीचा बांध. बांधापलीकडे खारफुटी, मग नदी. सगळी गोम या सपाट पट्ट्यात आहे, कारण भरती पूर्ण चढते तेव्हा नदीचं पाणी या शेतांपेक्षा उंच असतं. बांधावरून चालताना एका हाताला पाणी छातीशी आल्यासारखं दिसतं आणि दुसऱ्या हाताला भात गुडघ्याखाली. पहिल्यांदा बघणाऱ्याला जरा धास्तीच वाटते.

खाजन म्हणजे काय?

नदीकाठची दलदल, जिथे एरवी भरतीचं पाणी रोज येऊन गेलं असतं आणि खारफुटी माजली असती, ती बांध घालून शेतीसाठी मिळवली की तिला खाजन म्हणतात. संपूर्ण गोव्यात अशी सुमारे १८,००० हेक्टर जमीन आहे. रायगडकरांना हे समजवायला नको. अलिबाग-पेणचा खारेपाट म्हणजे हीच जातकुळी. महाराष्ट्रात तर त्यासाठी खारभूमीचं वेगळं सरकारी खातं आहे.

मिठाचा भाताशी वैरभाव का, हे कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, फक्त त्या नजरेने आपण बघत नाही. मीठ बाहेर जास्त असलं की आतलं पाणी बाहेर खेचलं जातं. भाताच्या मुळांभोवती खारं पाणी साचलं की रोप पाण्यात उभं राहूनही तहानेने सुकतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. बहुतेक भातवाणांना त्याचा दहावा भागसुद्धा सोसत नाही.

म्हणजे काम दुहेरी आहे. बाहेरचं खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही, आणि आत पडलेलं पावसाचं पाणी बाहेर काढायचं. पहिलं काम बांध करतो. जांभा, चिकणमाती, पेंढा आणि लाकडाचे खुंट वापरून हे बांध पूर्वापार घालत आले. दुसरं काम मात्र भिंतीला जमणारं नाही. पणजीच्या परिसरात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. बेटाच्या कडेला नुसती भिंत घातली तर पहिल्याच आषाढात आत तळं होईल.

मानस : विजेशिवाय चालणारा दरवाजा

यावरचा तोडगा म्हणजे मानस. रायगडात तिला उघाडी म्हणतात. बांधात एक फट ठेवायची, तिच्या दोन्ही अंगांना जांभ्याचे खांब उभारायचे आणि त्यात लाकडी दरवाजे बसवायचे. दरवाजे असे टांगायचे, की ते फक्त नदीच्या बाजूला उघडतील. ओहोटीला नदी खाली जाते, आतलं पाणी दरवाज्यांना आतून ढकलतं, ते उघडतात आणि पाणी धो धो बाहेर पडतं. भरती लागली की नदीचं पाणी तेच दरवाजे बाहेरून दाबतं आणि ते घट्ट मिटतात. माणूस लागत नाही, पंप लागत नाही, डिझेल लागत नाही. भरती जितकी जोराची, तितका दरवाजा पक्का बसतो.

भरती फिरते त्या वेळी मानशीजवळ थांबून बघावं. बाहेर वाहणारी धार हळूहळू मंदावते. मग काही क्षण पाणी नुसतं तरंगत राहतं, गवताची काडी ना आत जाते ना बाहेर. फळ्या किंचित हलतात, एकमेकींवर आपटून लाकडाचा ओला आवाज येतो, आणि फटीतून उलट दिशेने बारीक चिळकांडी उडू लागते. दरवाजा बंद झाल्याची तीच खूण. कितीही चांगला सुतार असला तरी थोडी गळती राहतेच, आणि ती हिशोबात धरलेली असते. गळून आलेलं पाणी सरळ शेतात जात नाही. मानशीच्या आत एक खोलगट चर किंवा तळं असतं, त्याला पोंय म्हणतात. पाणी तिथे साठतं. पोंय आणि शेत यांच्यामध्ये आणखी एक लहान बांध असतो.

या पोंयीत कोळंबी, शेवटे, कालुंद्र, खेकडे वाढतात. भरतीबरोबर पिल्लं आत येतात, पोसतात, आणि ओहोटीला बाहेर जाताना मानशीच्या तोंडाशी लावलेल्या जाळ्यात सापडतात. म्हणजे एकाच फटीतून भाताचं रक्षणही होतं आणि माशांची कमाईही. गोव्यातली सगळ्यात हुशार वास्तू कोणती असं कुणी मला विचारलं, तर मी चर्चं आणि किल्ले बाजूला ठेवून मानस दाखवीन.

मग मिठाच्या जमिनीत भात येतो कसा?

बांध कितीही चांगला असला तरी जमिनीत मीठ उरतंच. उन्हाळ्यात ते खालून वर चढतं, मातीवर पांढुरकी साय धरते. त्यावर इलाज पाऊस. मृगाच्या पहिल्या दणक्यात पाणी शेतात साचू द्यायचं, त्यात मीठ विरघळू द्यायचं, आणि ओहोटीला मानशीतून ते पाणी सोडून द्यायचं. असं काही वेळा केलं की वरचा थर गोडा होतो. मग रुजत घातलेलं, मोड आलेलं बियाणं चिखलात फेकायचं. कोकणात याला रहू म्हणतात. सप्टेंबरपर्यंत नदीही आपल्या बाजूने असते. सह्याद्रीवरून येणाऱ्या पुराने मांडवी इतकी भरलेली असते, की इथलं पाणीसुद्धा जवळपास गोडं होतं. पावसाळा सरला की समुद्र पुन्हा आत सरकतो, पण तोवर भात कापणीला आलेलं असतं.

इथलं खास वाण म्हणजे कोरगूट. लालसर तांदूळ, उंच ताट, उत्पन्न बेताचं. पण थोडंबहुत खारं पाणी आलं तरी ते मान टाकत नाही. उकडा करून पेजेला घातला तर त्याची चव दुसऱ्या तांदळाला नाही असं गोव्यातली जुनी माणसं सांगतात, आणि त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. दिवाडीच्या अगदी समोर, जुने गोव्याच्या एला भागात भारतीय कृषी संशोधन परिषदेचं केंद्र आहे. तिथे कोरगुटातून निवड करत ‘गोवा धान’ नावाची खारं पाणी सोसणारी सुधारित वाणं काढली गेली आहेत.

हे सगळं उभं कुणी केलं?

पोर्तुगीजांनी केलं असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. फोंडा तालुक्यातल्या बांदिवडे इथे मिळालेल्या ताम्रपटात कोकणच्या मौर्य घराण्यातल्या अनिर्जितवर्मन राजाने ‘खज्जन’ जमीन दान दिल्याची नोंद आहे. हा लेख सहाव्या-सातव्या शतकातला मानतात. दान घेणाऱ्याने बांध घालून ती जमीन लागवडीखाली आणावी अशी त्यात अपेक्षा आहे. म्हणजे पोर्तुगीज येण्याच्या निदान आठशे वर्षं आधी ही विद्या गोव्यात मुरलेली होती.

बांध एकट्या-दुकट्याचं काम नव्हे. एका शेतकऱ्याने आपल्यापुरता बांध पक्का केला आणि शेजाऱ्याने नाही, तर पाणी शेजाऱ्याकडून फिरून दोघांच्याही शेतात येणार. म्हणून जमीन गावाची सामाईक. गावकऱ्यांची संस्था ती लिलावाने कसायला द्यायची, मानशीतल्या मासेमारीचा वेगळा लिलाव करायची, आणि त्या पैशातून बांधांची डागडुजी करायची. उरलेलं गावकऱ्यांत वाटलं जायचं. ही गावकारी, पोर्तुगीजांनी तिला कोमुनिदाद म्हटलं.

दिवाडीच्या इतिहासात मला सर्वांत बोलका वाटतो तो विरोधाभास इथेच आहे. हे बेट कदंब राजांचं कुलदैवत सप्तकोटेश्वराचं स्थान. चौदाव्या शतकात बहामनी फौजांनी देऊळ पाडलं, विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारलं. १५१० मध्ये अफोन्सो द अल्बुकर्कने तिसवाडी, म्हणजे दिवाडी ज्यात येते तो मुलूख, जिंकली आणि पुढे तीसएक वर्षांत देऊळ पुन्हा जमीनदोस्त झालं. लिंग नदीपार डिचोलीत, आताच्या नार्वेला गेलं. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला, तो शिलालेख आजही देवळावर आहे. दिवाडीवर उरलं ते कोटीतीर्थाचं पायऱ्यांचं तळं. पण ज्या सत्तेने देवळं पाडली, तिनेच १५२६ मध्ये तिसवाडीच्या गावकऱ्यांचे हक्क आणि रीतिरिवाज सनदेत लिहून काढले आणि चालू ठेवले. देव हलवला तरी महसूल बुडत नव्हता. बांध फुटला तर बुडत होता!

भरती-ओहोटीचं हे गणित लढाईतही चालायचं. शेजारच्या जुवे बेटावर २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री ओहोटीला पाणी उतरल्यावर संभाजी महाराजांची माणसं उतरली आणि त्यांनी किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशी तो परत घ्यायला आलेल्या व्हाइसरॉयला, कोंदे द आल्व्होरला, जीव वाचवून पळावं लागलं. राजधानीच्या इतक्या जवळ मराठे येऊन थडकल्याचा धसका पोर्तुगीजांनी पुढे बरीच वर्षं घेतला.

जुन्या गोव्यात रोगराई वाढली तशी माणसं इकडेतिकडे पांगली, काही दिवाडीवर आली. पुढे दिवाडीची माणसंही मुंबई, आफ्रिका, आखात, पोर्तुगाल अशी जगभर विखुरली. आजही बेटावर दोन पिढ्यांची मोठी घरं दिसतात आणि त्यातली बरीच कुलूपबंद असतात. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी मात्र बोंदेरामला सगळं बेट जागं होतं. वाड्यावाड्यांचे झेंडे, चित्ररथ, बांबूच्या नळ्यांतून फळं उडवायची गंमत. हद्दीवरून वाड्यांमध्ये भांडणं व्हायची, म्हणून हद्द दाखवायला पोर्तुगीजांनी झेंडे रोवले आणि लोक एकमेकांचे झेंडे पाडू लागले, तिथून हा सण आला असं सांगतात. शेतीच्या जमिनीची किंमत त्या काळी काय होती हे त्यातून कळतं.

मग आता बांध का फुटतात?

‘समुद्राची पातळी वाढतेय ना’ हे उत्तर तयारच असतं. ते खोटं नाही, पण आजवर फुटलेल्या बांधांचं मुख्य कारण ते नव्हे. आधी घरातली कारणं बघावी.

गोवा मुक्त झाल्यावर १९६४ मध्ये कूळ कायदा आला आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणारा कूळ जमिनीचा मालक झाला. शतकानुशतकं दुसऱ्याच्या जमिनीत राबलेल्यांना न्याय मिळाला, त्याबद्दल दुमत असायचं कारण नाही. पण जमीन कुळाकडे गेली आणि बांधाचं काय? कोमुनिदाद म्हणू लागली, जमीन आमची नाही, बांधांची डागडुजी आम्ही का करायची. ती जबाबदारी शेतकऱ्यांच्या कूळसंघांवर आली. जिथे संघ जागरूक, तिथे बांध शाबूत. जिथे संघ कागदावर, तिथे भोक बुजवायला सरकारी अनुदानाची वाट. आणि खारं पाणी कुणाच्या मंजुरीची वाट बघत नाही.

दुसरं कारण पैशाचं. पूर्वी मासे जोडधंदा होता आणि भात मुख्य. आता कोळंबीला भाव आहे, भाताला नाही. मानशीचा लिलाव घेणाऱ्याचा फायदा खारं पाणी आत येण्यात असतो, शेतकऱ्याचा ते न येण्यात. दरवाजा जरा उशिरा मिटला, एखादी फळी ‘चुकून’ निसटली, की मासे वाढतात आणि भात करपतो. अशा तक्रारी गोव्यात जुन्याच आहेत. मुद्दाम बांध फोडल्याचे आरोपही होतात. एकदा दोन हंगाम खारं पाणी राहिलं की शेतकरी नाद सोडतो, आणि सोडलेलं शेत मासेवाल्याला आणखी सोयीचं.

तिसरं कारण नदीतलं. खनिजाने भरलेल्या बार्जेस वर्षानुवर्षं मांडवीतून जात राहिल्या. मोठी बार्ज गेली की तिची लाट बांधावर आपटते, दिवसभर आपटत राहते. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्यावर त्या लाटा कमी झाल्या, पण तोवर बांधांचे पाय पोखरले गेले होते.

आणि माणसं. बांधातलं खेकड्याचं बीळ रोज फिरणाऱ्यालाच दिसतं. बोटाएवढं बीळ उधाणाला मुठीएवढं होतं आणि पुढच्या उधाणाला त्याचं भगदाड होतं. ज्या घरात सत्तरीचे दोघेच उरले आहेत, तिथून बांधावर रोज जाणार कोण?

समुद्र वाढला तर नेमकं काय होईल?

पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या हवामान अहवालानुसार उत्तर हिंदी महासागराची पातळी गेल्या शतकात वर्षाला सव्वा-दीड मिलिमीटरच्या आसपास वाढत होती. १९९३ ते २०१७ या काळात हा वेग वर्षाला ३.३ मिलिमीटर झाला. हाच वेग राहिला तरी तीस वर्षांत दहा सेंटिमीटर. वीतभरसुद्धा नाही. त्याने काय होतंय?

मानशीच्या दृष्टीने पुष्कळ होतं. बांध वीतभर उंच करता येईल, त्याला माती आणि मजुरी लागेल इतकंच. खरी अडचण पाणी बाहेर काढण्यात आहे. बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली असेल तेवढाच वेळ मानस उघडी राहते. ओहोटीच्या तळाशी असे थोडेच तास मिळतात. नदी कायमची दहा सेंटिमीटर वर सरकली की रोजच्या त्या वेळाला दोन्हीकडून कात्री लागते: दरवाजा उशिरा उघडणार, लवकर मिटणार. उधाणात ओहोटी खोल जाते, तेव्हा निभावेल. भांगाला ओहोटी फारशी उतरतच नाही, तेव्हा पाणी आतच अडकेल. भांगाच्या दिवसांत तीन दिवस सलग मुसळधार पाऊस झाला तर भात खाऱ्या पाण्याने नव्हे, गोड्या पाण्यात बुडून जाईल.

त्यात आणखी एक गोष्ट बांधणाऱ्यांच्याही हाताबाहेरची. बांधाबाहेरच्या खारफुटीत नदीचा गाळ साचतो आणि जमीन हळूहळू वर येते. आतल्या शेताला तो गाळ मिळत नाही, उलट चिखल दाबून बसतो. म्हणजे समुद्र स्थिर राहिला तरी आत आणि बाहेर यांच्यातलं अंतर वाढतच जातं.

काँक्रीटची भिंत का नाही घालत?

हा प्रश्न प्रत्येक ग्रामसभेत कुणीतरी विचारतोच. काही ठिकाणी घातल्याही आहेत. पण खालची जमीन भुसभुशीत चिकणमातीची. जड भिंत ठेवली की ती कुठे कमी, कुठे जास्त खचते, आणि तडकते. मातीचा बांधही खचतो, पण तो वाकतो, आणि त्यावर चार घमेली माती टाकली की भागतं. काँक्रीटला तडा गेला की निविदा काढावी लागते. जांभ्याचा बांध आणि त्यापुढे लाटांचा मार खायला खारफुटीची रांग, ही जुनी जोडी अजून तरी स्वस्त आणि टिकाऊ आहे. मानशीचे दरवाजे मात्र चांगल्या लाकडाचे, नाहीतर फायबरचे करायला हरकत नसावी. तिथे परंपरेचा हट्ट धरण्यात काही मतलब नाही.

खारफुटी येऊ द्या की! तीही चांगलीच ना?

पर्यावरणवाल्या वाचकाचा हा प्रश्न रास्त आहे. खारफुटी किनारा धरते, माशांना आसरा देते. शेजारच्या चोडणच्या पश्चिम टोकाला खारफुटीतच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, पावणेदोन चौरस किलोमीटरच्या आसपासचं.

पण खाजन गेलं की फक्त भात जात नाही. बांधाच्या आतल्या विहिरी गोड्या आहेत, कारण खारं पाणी बांधाबाहेर अडतं. टेकडीवरून धावत येणारं पावसाचं पाणी आधी या शेतांत पसरतं, म्हणून पायथ्याची घरं कोरडी राहतात. शिवाय परतीची वाट नाही. पडीक शेतात खारफुटी एकदा माजली की कायद्याने तिला संरक्षण मिळतं, मग शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीतलं झुडूप तोडायचीही चोरी. फुटलेला बांध दोन-चार वर्षं तसाच ठेवला की निर्णय आपोआप होऊन जातो, कुणी न घेता. बांधाबाहेर खारफुटी आणि आत भात, या वाटणीत दोघांचंही भलं होतं.

एवढा खटाटोप, आणि पिकतं किती?

कमीच. नुसत्या तांदळाच्या भावाने बघितलं तर हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे, आणि शेतकऱ्याला ‘संस्कृती जपा’ म्हणून त्यात अडकवून ठेवणं अन्यायाचं आहे. पण मानस विहिरी राखते, पूर जिरवते, मासे देते, आणि त्याचा मोबदला भाताच्या भावात मोजला जात नाही. गाव ज्याचा फायदा घेतो त्याचा खर्चही गावाने उचलायला हवा, म्हणजे बांधाची देखभाल ही शेतीची नव्हे, रस्त्या-गटारासारखी सार्वजनिक कामाची बाब धरायला हवी. २०११ च्या किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांचे नकाशे करून त्यांच्या संरक्षणाचा आराखडा बनवण्याची तरतूद आहे. मला त्या आराखड्यात सर्वांत आधी दोन साध्या गोष्टी बघायला आवडतील: प्रत्येक मानशीला एक जबाबदार माणूस, पगारी, आणि मासेमारीच्या लिलावात अशी अट, की शेतात खारं पाणी शिरलं तर लिलाव घेणाऱ्याची अनामत जप्त.

आणि पूल?

खाजनाचा विषय निघाला की दिवाडी-चोडणला गाडी पुलावर येतेच. रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा झाला तर फेरीची वाट बघणं काय असतं, ते बेटावर राहणाऱ्यालाच माहीत. २०२५ मध्ये चोडण-रायबंदर मार्गावर मोठ्या रो-रो फेरीबोटी आल्या, तेवढा दिलासा. पूल नको म्हणणाऱ्यांना भीती आहे ती जमिनीच्या भावाची. पूल झाला की पणजी हाकेच्या अंतरावर येईल, कुलूपबंद घरं विकली जातील, आणि पडीक खाजनावर भराव टाकायला ट्रक थेट येतील.

दोन्ही बाजू खऱ्या आहेत. पण बेटाबाहेर राहणाऱ्यांनी ‘दिवाडी आहे तशीच राहू दे’ म्हणणं मला पटत नाही. फेरीसाठी पावसात उभं राहावं लागतं ते त्यांना नव्हे. पूल बांधा की न बांधा, भराव रोखायचा तर तो खाजनाच्या नकाशाने रोखला पाहिजे. फेरीबोटीच्या वेळापत्रकावर ते काम सोपवून चालणार नाही.